असिस्टंट कोच नॅशनल टीम सोडून का जातो?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून ठेवतोय. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय.

आजचा प्रश्न साधा आहे. एक माणूस नॅशनल टीमचा असिस्टंट कोच आहे. जगभर फिरतो, मोठ्या खेळाडूंसोबत नेटमध्ये उभा राहतो, टीव्हीवर दिसतो. आणि एक दिवस बातमी येते की तो हे सगळं सोडून एका काउंटीत नोकरीला चाललाय. आपल्याकडे भंडाऱ्यात चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य काय येईल? "काऊन सोडलं असंल बा? काढलंच असंल!"

कधी कधी खरंच काढलेलं असतं. पण बऱ्याचदा तसं नसतं. ही नोकरी आतून कशी असते ते कळलं, की सोडणाऱ्याचं गणितही कळतं. आणि या गणिताचा संबंध भंडारा, तुमसर, साकोलीच्या पोरांशीही आहे. तो शेवटी सांगतो, आधी नोकरी समजून घेऊ.

त्या रात्री डगआउटमध्ये कोण होतं?

२९ जून २०२४. बार्बाडोस. टी-२० वर्ल्ड कपची फायनल. दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० रन हवे होते आणि सहा विकेट हातात होत्या. आपण ती मॅच ७ रननी जिंकलो. बुमरा, अर्शदीप, हार्दिक, सगळ्यांना आठवतात. सूर्याचा कॅच तर आयुष्यभर आठवेल. पण या बॉलरांसोबत अडीच वर्षं काम करणारा बॉलिंग कोच कोण होता?

पारस म्हांब्रे. मुंबईचे मध्यमगती बॉलर. भारतासाठी २ टेस्ट आणि ३ वनडे खेळले. टेस्ट पदार्पण १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यात. गंमत बघा, राहुल द्रविड आणि विक्रम राठोड यांचंही टेस्ट पदार्पण त्याच दौऱ्यातलं. पंचवीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, हे तिघं भारताच्या ड्रेसिंग रूममध्ये पुन्हा एकत्र आले: द्रविड मुख्य कोच, राठोड बॅटिंगला, म्हांब्रे बॉलिंगला.

फायनल संपली आणि द्रविड यांची मुदत संपली. त्यांच्यासोबत राठोड आणि म्हांब्रे यांचीही संपली. त्या स्पर्धेत अर्शदीपने १७ आणि बुमराने १५ विकेट घेतल्या होत्या. बॉलिंग कोचच्या कामाची याहून मोठी पावती काय असणार? तरी खुर्ची गेली. ऑक्टोबरमध्ये बातमी आली की म्हांब्रे मुंबई इंडियन्सचे बॉलिंग कोच झाले. द्रविड आणि राठोड त्याआधीच राजस्थान रॉयल्सकडे गेले होते.

असिस्टंट कोच नेमकं करतो काय?

आपल्याकडे असिस्टंटचं काम बॅटिंग, बॉलिंग आणि फिल्डिंग असं वाटलेलं असतं. कधी कधी नुसतं "असिस्टंट कोच" असंही पद असतं. बॉलिंग कोच घ्या. सकाळी फिजिओ आणि ट्रेनरसोबत बसून ठरवायचं की आज कोणी किती ओव्हर टाकायच्या. अ‍ॅनालिस्टसोबत समोरच्या बॅटरचे व्हिडिओ बघायचे. नेटमध्ये एखाद्याचं मनगट पडतंय का, पाय क्रीजवर कुठे पडतोय, हे बघायचं. आणि ज्याला बाहेर बसवलंय त्याच्याशी बोलायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड असावं, असं मला वाटतं.

आता तो काय करत नाही ते बघा. पंधरा खेळाडू निवड समिती निवडते. अकरा जण कॅप्टन आणि मुख्य कोच ठरवतात. करार बोर्ड करतं. त्याचा सल्ला घेतात, पण सही त्याची नसते. जिंकलो तर कॅप्टन आणि मुख्य कोच पुढे, हरलो तर "बॉलिंग कोच काय करत होता?"

पैशातही हा फरक दिसतो. त्या वर्ल्ड कपनंतर बोर्डाने १२५ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हाच्या बातम्यांनुसार मुख्य कोचला ५ कोटी आणि बाकी कोचना अडीच कोटी, असं वाटप होतं. द्रविड यांनी आपलाही वाटा अडीच कोटीच ठेवायला सांगितलं, कारण सगळ्यांनी सारखंच काम केलं होतं. मुख्य कोचने स्वतः हे बोलून दाखवावं लागतं, यातच दुसऱ्या खुर्चीची गोष्ट आली.

दोरी दुसऱ्याच्या हातात

आता मुख्य मुद्दा. असिस्टंटची खुर्ची स्वतःच्या पायावर उभी नसते. ती मुख्य कोचच्या खुर्चीला बांधलेली असते.

जुलै २०२४ मध्ये गौतम गंभीर मुख्य कोच झाले आणि सोबत आपल्या ओळखीची माणसं घेऊन आले: मुंबईचे अभिषेक नायर, नेदरलँड्सचे रायन टेन डोशाटे, आणि बॉलिंगला मॉर्ने मॉर्केल. आधीच्यांपैकी फिल्डिंग कोच टी. दिलीप राहिले. यात गैर काही नाही. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला आपली टीम हवीच. पण याचा अर्थ असा की तुम्ही कितीही चांगले असा, साहेब बदलला की तुमचंही सामान बांधलेलं पाहिजे.

बरं, साहेब बदलला नाही तर खुर्ची पक्की का? तसंही नाही. आपल्या बीडचे संजय बांगर बघा. २०१४ पासून ते भारतीय टीमसोबत होते, बॅटिंग कोच म्हणून. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध आपण सेमीफायनल हरलो. त्यानंतर मुख्य कोच रवी शास्त्री राहिले. बॉलिंगचे भरत अरुण राहिले. फिल्डिंगचे आर. श्रीधर राहिले. गेले ते फक्त बांगर.

आणि अभिषेक नायर? जुलै २०२४ ला आले, एप्रिल २०२५ मध्ये परत कोलकाता नाइट रायडर्समध्ये होते. वर्षही भरलं नाही. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कोलकात्याने त्यांना मुख्य कोच केलं. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, याच्याकडे परत येऊ.

काउंटी म्हणजे काय, आणि तिथे कोण गेलं?

काउंटी म्हणजे शब्दशः इंग्लंडमधला जिल्हा. पण क्रिकेटमध्ये काउंटी म्हणजे भंडारा जिल्हा टीम नव्हे, तिची बरोबरी आपल्या रणजी टीमशी. अशा १८ काउंट्या आहेत. विदर्भाचा उमेश यादव मिडलसेक्सकडून आणि एसेक्सकडून खेळून आलाय, तेच हे. काउंटीचा सीझन एप्रिल ते सप्टेंबर, बाकी महिने तयारी, भरती, अकॅडमी. म्हणजे नोकरी बारमाही, आणि घर एकाच गावात.

नॅशनल टीम सोडून काउंटीत जाणाऱ्यांमध्ये पॉल फारब्रेस यांची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. विकेटकीपर, केंट आणि मिडलसेक्सकडून खेळलेले. इंग्लंडसाठी कधीच खेळले नाहीत.

२००७ मध्ये ते श्रीलंकेचे असिस्टंट कोच झाले. मुख्य कोच होते ट्रेव्हर बेलिस. ३ मार्च २००९ ला लाहोरमध्ये श्रीलंकेच्या बसवर हल्ला झाला, त्या बसमध्ये फारब्रेस होते. त्यांच्या हाताला जखम झाली. त्याच वर्षी त्यांनी श्रीलंका सोडली आणि आपल्या जुन्या काउंटीत, केंटमध्ये, प्रमुख म्हणून आले. तिथून पुढे ते यॉर्कशायरच्या सेकंड इलेव्हनचे कोच झाले. म्हणजे काउंटीच्याही दुसऱ्या टीमचे! टपरीवर कोणीही म्हणालं असतं, "संपलं याचं."

आणि मग ६ एप्रिल २०१४. ढाका. टी-२० वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध श्रीलंका. कोहलीने ७७ काढले तरी आपण १३० वरच अडकलो, संगकाराने मॅच संपवली. श्रीलंकेचा मुख्य कोच कोण? हेच फारब्रेस. महिनाभर आधी त्यांनी आशिया कपही जिंकून दिला होता.

आता पुढचं वळण बघा. त्याच महिन्यात ते श्रीलंकेचं मुख्य पद सोडून इंग्लंडचे असिस्टंट झाले! पहिल्या खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत, पण आपल्या देशात. २०१५ मध्ये इंग्लंडने मुख्य कोचला काढलं, तेव्हा फारब्रेस यांनी काही काळ टीम सांभाळली आणि न्यूझीलंडविरुद्धची वनडे मालिका ३-२ ने जिंकून दिली. पण मुख्य पद कोणाला मिळालं? त्यांचे जुने साहेब ट्रेव्हर बेलिस यांना. फारब्रेस परत असिस्टंट.

जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालं की फारब्रेस इंग्लंड सोडून वॉरविकशायर काउंटीचे स्पोर्ट डायरेक्टर होणार. वर्ल्ड कप चार-पाच महिन्यांवर आणि तोही घरच्या मैदानांवर! १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर इंग्लंडने पहिल्यांदा वनडे वर्ल्ड कप जिंकला. जवळपास पाच वर्षं त्या टीमसोबत घालवलेला माणूस तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये नव्हता.

वेडेपणा वाटतो ना? पण त्याच्या जागी उभे राहून बघा. बेलिस यांनी आधीच सांगून टाकलं होतं की सप्टेंबर २०१९ ला करार संपला की मी जाणार. म्हणजे साहेबांची जाण्याची तारीख ठरलेली. नवा साहेब कोण येणार, तो कोणाला ठेवणार, काहीच नक्की नाही. आणि समोर एक मोठी काउंटी म्हणतेय की या, क्रिकेटचा सगळा विभाग तुमचा. खेळाडूंची भरती, कोच, अकॅडमी, सगळं. अशी जागा वर्ल्ड कप संपेपर्यंत कोणी रिकामी ठेवत नाही.

२०२१ मध्ये वॉरविकशायर काउंटी चॅम्पियन झाली.

सोडणाऱ्याचं गणित

ही सगळी उदाहरणं समोर ठेवली की तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिलं, खुर्ची कोणाची. असिस्टंट असताना तुमची नोकरी दुसऱ्याच्या निकालावर चालते. काउंटीत किंवा स्टेटमध्ये प्रमुख झालात की निदान स्वतःच्या निकालावर जाल.

दुसरं, निर्णय घ्यायची सवय. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हे मला पटकन पटतं. शंभर जणांच्या प्रोजेक्टवर सीनियर असणं वेगळं, आणि आठ जणांच्या टीममध्ये रात्री सर्व्हर पडला तर काय करायचं हे स्वतः ठरवणं वेगळं. पहिलं नाव सांगायला बरं वाटतं. दुसऱ्यात तुम्ही पुढच्या कामासाठी तयार होता.

क्रिकेटमध्ये याचं आपलं उदाहरण म्हणजे अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर रन, पण भारताकडून एकही मॅच नाही. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची टीम भारतात आली तेव्हा ते त्यांचे तात्पुरते बॅटिंग कोच होते, म्हणजे दुसरी खुर्ची, आणि तीही एका दौऱ्यापुरती. २०२१ मध्ये मुंबईचे मुख्य कोच झाले. त्यांच्या काळात मुंबई २०२२ ला रणजी फायनलमध्ये पोचली आणि त्याच वर्षी सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी जिंकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या महिला टीमचे मुख्य कोच, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्ड कप. दोन मोठ्या पायऱ्यांच्या मध्ये एक स्टेटची टीम उभी आहे.

तिसरं, घर. नॅशनल टीमच्या स्टाफला वर्षातले बरेच महिने हॉटेलात काढावे लागतात. खेळाडूला विश्रांती देतात, एखादी मालिका सोडता येते. कोच मात्र जवळपास प्रत्येक दौऱ्यावर. पोरगं दहावीला कधी गेलं हे फोनवर कळतं. या कारणावर आपण कमी बोलतो, कारण त्यात बातमी नसते.

आपल्याकडे काउंटी नाही, आयपीएल आहे

इथे गोष्ट आपल्या अंगणात येते.

फारब्रेस काउंटीत गेले म्हणजे नॅशनल टीममध्ये शिकलेलं सगळं खालच्या पातळीवर आलं. एजबॅस्टनच्या नेटमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपर्यंत.

आपल्याकडे काय झालं? म्हांब्रे मुंबई इंडियन्स. द्रविड, राठोड राजस्थान. बांगर पुढे बंगळुरू. नायर कोलकाता. सगळे आयपीएलमध्ये. त्यांना दोष देता येत नाही. आयपीएल म्हणजे साधारण दोन महिन्यांचा सीझन, भरपूर पैसा, आणि उरलेलं वर्ष मोकळं. त्यात नियम असा की भारतीय टीमचं काम आणि आयपीएलचं काम एकाच वेळी करता येत नाही. २०१७ मध्ये द्रविड यांना भारत अ आणि अंडर-१९ ची जबाबदारी ठेवण्यासाठी दिल्ली डेअरडेव्हिल्सचं काम सोडावं लागलं होतं. म्हणजे नॅशनल टीममध्ये असेपर्यंत आयपीएल बंद, आणि बाहेर पडलं की पहिला दरवाजा आयपीएलचाच.

पण आयपीएलची टीम अंडर-१६ ची पोरं घडवत नाही. ती तयार पोरं विकत घेते. घडवतं कोण? स्टेट असोसिएशन. आपल्यासाठी विदर्भ क्रिकेट असोसिएशन. महाराष्ट्रात रणजीच्या टीम तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. भंडाऱ्याचा पोरगा विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत मोडतो. धान कापून झाल्यावर बांधीत टेनिस बॉलने खेळणाऱ्याला पुढे जायचं असेल तर आधी लेदर बॉल, मग जिल्हा टीम, मग नागपूर, मग अंडर-१६, अंडर-१९, अंडर-२३. या वाटेवर त्याला भेटणारा कोच किती शिकलेला आहे, यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. बस मिळते. चांगला कोच मिळेलच असं नाही.

आणि बाहेरून शिकून आलेला कोच आला की काय होतं, हे विदर्भाइतकं कोणाला माहीत असेल? विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं एकही ट्रॉफी नाही. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित आले. दोन वर्षांपूर्वीच, २०१५-१६ ला, त्यांनी कोच म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली होती. मुंबईतून विदर्भात! तेव्हाही कोणी तरी म्हणालं असेलच, "खाली आले." १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये फैज फझलच्या टीमने दिल्लीला हरवलं, रजनीश गुरबानीने फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा ट्रॉफी. बॉलिंग कोच होते भारताकडून खेळलेले सुब्रतो बॅनर्जी. पंडित पुढे मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही पहिली रणजी जिंकून दिली.

आणि पंडित यांच्या आधी विदर्भाचे कोच कोण होते माहितीये? हेच पारस म्हांब्रे. नॅशनल टीमच्या आधी ते नागपुरात काम करून गेलेत. वर जाताना विदर्भ त्यांच्या वाटेत होता. वरून परत येताना नव्हता.

पंडित गेल्यावर विदर्भ कोसळला नाही, हेही सांगायला हवं. २०२४-२५ ला अक्षय वाडकरच्या टीमने केरळविरुद्ध तिसरी रणजी जिंकली, आणि मुख्य कोच होते उस्मान गनी. एकदा कामाची पद्धत रुजली की ती माणूस गेल्यावरही चालते. म्हणूनच वरच्या पातळीवर तीन-चार वर्षं काढलेला माणूस स्टेटमध्ये येणं महाग पडलं तरी स्वस्त आहे.

मग करायचं काय?

माझं मत सांगतो. स्टेट असोसिएशनने नॅशनल टीममधून बाहेर पडणाऱ्या असिस्टंटला नुसती "या सीझनला कोच व्हा" अशी ऑफर देऊ नये. त्यात तो आयपीएल सोडणार नाही, आणि का सोडावा? त्याला तीन-चार वर्षांचा करार द्या. फक्त रणजी टीम नको, अंडर-१६ पासून जिल्ह्यांच्या कोचपर्यंत सगळा विभाग द्या. जसा वॉरविकशायरने फारब्रेसना दिला. वर्षातून चार वेळा त्याने भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत येऊन तिथल्या कोचना दोन दिवस शिकवावं, हे करारातच लिहा. हवं तर आयपीएलचे दोन महिने मोकळे ठेवा, तेव्हा तसाही रणजीचा सीझन संपलेला असतो.

माणूस पैशासाठी जातो हे खरं. पण अभिषेक नायर कोलकात्यात मुख्य कोच झाले, फारब्रेस काउंटीत प्रमुख झाले. पैशासोबत त्यांना एक टीम मिळाली, जिचे निर्णय त्यांचे. ती टीम विदर्भही देऊ शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी "अमुक असिस्टंट कोचने नॅशनल टीम सोडली" अशी बातमी आली, तर "काढलं का?" च्या आधी दोन गोष्टी बघा. त्याच्या साहेबाचा करार कधी संपतोय, आणि नव्या जागी सही कोणाची चालणार आहे. बहुतेक उत्तर तिथेच सापडतं.

आणि तुमच्यापैकी कोणी जिल्हा किंवा वयोगटाच्या टीममध्ये खेळलं असेल, तर मला कळवा की तुम्हाला सगळ्यात जास्त कोणत्या कोचने शिकवलं, आणि तो कुठून शिकून आला होता. मिळालेली उत्तरं पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवतो.

चला, भेटू. काळजी घ्या.